राखण

ज्वारीच्या कणसात दाणा भरला की शेतात राखण सुरू होते. कोणी माळ्यावर बसतो. कोणी गोफण फिरवतो. कोणी रिकामा डबा बडवतो. का? कारण पेरले आपण, निंदले आपण, आणि ऐन वेळी डोळा लागला तर खाणार पाखरे.

पीक राखायचे आपल्याला ठाऊक आहे. पण राखायच्या गोष्टी आणखीही आहेत. आपला जीव आहे. आपले घर आणि जमीन आहे. आपले गाव आहे. यांची राखण कशी करायची, ते या धड्यात पाहू या.

1. जागल्या कुठे गेला?

पूर्वी खानदेशातल्या गावांना जागल्या असे. पुष्कळ गावी हे काम भिल्ल बांधवांकडे होते. जागल्या रात्री गस्त घाली. चोरी झाली तर चोराचा माग काढी. गावात कोणी परका उतरला तर पाटलाला खबर देई.

हे काम बापाकडून मुलाकडे येई. मुलाची इच्छा असो वा नसो. जागायचे एकाने आणि घोरायचे साऱ्या गावाने, ही रीत काही न्यायाची नव्हती. वंशपरंपरेने चालत आलेली असली कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने बंद झाली. ते बरेच झाले. पुढे 1967 साली महाराष्ट्रात ग्रामपोलीस कायदा झाला. त्या कायद्याने आजचा पोलीस पाटील नेमला जातो. तो गाव आणि पोलीस ठाणे यांच्यामधला दुवा आहे.

पण एकटा पोलीस पाटील किती जागेल? बोदवड तालुक्यातले आपले एखादे गाव घ्या. शिवार मोठे. मळे लांब. विहिरीवर मोटार आहे, तांब्याची तार आहे. गोठ्यात बैलजोडी आहे. भाव येईल म्हणून घरात कापूस भरून ठेवला आहे. एवढे सारे एक माणूस कसे राखणार?

दूरच्या एका देशाची गोष्ट ऐका. इंडोनेशिया नावाचा देश आहे. समुद्रात हजारो बेटे, त्यांचा मिळून हा देश झाला. त्यात जावा नावाचे बेट आहे. तिथले लोक आपल्यासारखेच शेतकरी. भात पिकवतात. तिथल्या खेड्यांत रात्रीच्या गस्तीला ‘रोंदा’ म्हणतात. घराघरातले गडी पाळीपाळीने गस्तीला जातात. चौकीत एक पोकळ लाकूड टांगलेले असते. कुठे बांबूचे असते. त्याला ‘केंटोंगान’ म्हणतात. चोर आला तर ते एका तालात वाजवतात. आग लागली तर दुसऱ्या तालात. ताल ऐकूनच माणूस घरातून काठी घेऊन निघायचे की बादली घेऊन, हे ओळखतो.

आणखी एक रीत पुष्कळ गावी आहे. प्रत्येक घराबाहेर एक लहानसे भांडे लटकवतात. त्यात चिमूटभर तांदूळ ठेवतात. गस्तीवाले रात्री फिरताना ते तांदूळ गोळा करतात. चिमूट-चिमूट मिळून पोते होते. त्याचा पैसा गावाच्या कामाला लागतो. शिवाय भांडे रिकामे झाले म्हणजे गस्त खरोखर दारावरून गेली, हेही सकाळी घरधन्याला कळते.

आपल्याकडेही ग्रामसुरक्षा दल असते. तशी सोय आपल्या पोलीस कायद्यातच आहे. पोलीस ठाण्याच्या देखरेखीखाली गावातले तरुण पाळीने गस्त घालतात. शिट्टी, काठी, बॅटरी, एवढे सामान पुरते. दल नसेल तर पोलीस पाटलाकडे जा. ग्रामसभेत विषय काढा. पाळी सर्व आळ्यांची लावा. एकाच आळीवर भार टाकाल तर जुना जागल्या नव्या नावाने परत येईल.

2. राखण करावी, पण अशी नव्हे

आता एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या खानदेशातच घडली. सांगताना आम्हाला वाईट वाटते. पण सांगितलीच पाहिजे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. 1 जुलै 2018 चा दिवस. रविवार होता. गावात बाजार भरला होता. त्या दिवसांत मोबाईलवर एक निरोप फिरत होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. कोणी लिहिला, कुठून आला, कोणी विचारले नाही. ज्याने वाचला त्याने दहा जणांना पाठवला.

बाजारात पाच परकी माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. सोलापूर जिल्ह्याकडची होती. गावोगाव फिरून भिक्षा मागावी, हा त्यांचा पिढ्यांचा व्यवसाय. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, म्हणून लोकांना संशय आला. ‘हेच ते’ म्हणून ओरड झाली. गर्दी धावली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले. पाचही जण जिवानिशी गेले.

ती मुले पळवणारी माणसे नव्हती. ती पोटासाठी फिरणारी गरीब माणसे होती. त्यांनाही घर होते. घरी वाट पाहणारी बायकामुले होती. पुढे खटला चालला. 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पाच घरे उघडी पडली. आणखी सात घरांचे कर्ते तुरुंगात गेले. कशापायी? एका खोट्या निरोपापायी.

तुम्ही आता वाचायला शिकलात. म्हणून तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जे लिहिलेले असते ते सारे खरे नसते. वाचता येणे ही पहिली पायरी. वाचलेले पारखणे ही दुसरी पायरी. निरोप कोणी पाठवला? कोणत्या गावचा? कोणत्या तारखेचा? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर निरोप पुढे पाठवू नका.

परक्या माणसाचा संशय आला तर काय करावे? त्याला हात लावू नका. नाव-गाव विचारा. पाणी द्या. पोलीस पाटलाला बोलवा. 112 या नंबरावर फोन लावा. तपास करणे हे पोलिसांचे काम. न्याय करणे हे न्यायालयाचे काम. आपले काम डोळे उघडे ठेवायचे. आपल्या गावात आलेला पाहुणा, फिरस्ता, भिक्षेकरी सुखरूप परत गेला, तरच आपले गाव सुरक्षित म्हणायचे.

3. आग, वीज आणि साप

उन्हाळ्यात आपल्याकडे जीव नकोसा होतो. पारा 45 अंशांपर्यंत जातो. कडबा, पऱ्हाटी, तुराट्या कोरड्या ठाक होतात. एक ठिणगी पुरते.

कडब्याची गंजी घराला लागून रचू नका. विजेच्या तारेखाली तर मुळीच नको. वारा सुटला की तारा एकमेकींना घासतात आणि ठिणग्या पडतात. कापूस भरलेल्या खोलीत चूल, चिमणी, बिडी नको. जुनी उघडी वायर नको. कापसाची आग फसवी असते. वरून विझली तरी आत धुमसत राहते. म्हणून कापूस ओढून बाहेर काढा, पसरा आणि पुन्हा पुन्हा पाणी मारा. विजेमुळे आग लागली असेल तर आधी मेन स्विच बंद करा. चालू विजेवर पाणी टाकू नका. वाळू किंवा माती टाका.

आता आकाशातली वीज. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात ती फार पडते. गडगडाट ऐकू आला की काम थांबवा. झाडाखाली उभे राहू नका. पाऊस चुकवायला माणूस झाडाखाली जातो आणि तिथेच वीज गाठते. पक्क्या घरात जा. घर जवळ नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन, उकिडवे बसा. पुण्याच्या सरकारी हवामान संशोधन संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप तयार केले आहे. वीज जवळपास पडण्याचा धोका असेल तर ते मोबाईलवर सूचना देते. घरातल्या शिकलेल्या पोराकडून ते घेऊन ठेवा.

वीज पडून माणूस दगावला तर सरकार वारसांना 4 लाख रुपये मदत देते. दुःखात कागदाचे कोणाला सुचत नाही. पण तलाठ्याला लगेच कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय ही मदत मिळत नाही.

आणि साप. मोटारीला वीज पुष्कळदा रात्री मिळते. म्हणून पाणी भरायला रात्री जावे लागते. जाताना हातात बॅटरी, पायात बूट आणि काठी असू द्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. साप चावला तर माणसाला धीर द्या. चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. जखम कापू नका. रक्त चोखू नका. दोरी करकचून बांधू नका. 108 नंबरावर गाडी बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा. विषावरची लस तिथे असते. मंत्राने विष उतरत नाही. मंत्रात जो वेळ जातो, त्यात माणूस जातो.

4. कागदाची राखण

आता शेवटची राखण. ही गोफणीने होत नाही. ही डोळ्यांनी आणि अक्षरांनी होते.

1852 साली खानदेशात इंग्रज सरकारची जमीन मोजणी चालू होती. सावदा, एरंडोल या भागांतल्या शेतकऱ्यांनी तिला मोठा विरोध केला. साखळी घेऊन आलेला माणूस आपला सारा वाढवणार, अशी त्यांना भीती होती. पुढे 1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. त्या रोख्यांवर शेतकऱ्यांचेच अंगठे होते. पण आत काय लिहिले आहे ते पुष्कळांना कधी कळलेच नव्हते. कागद दुसऱ्याचा, अक्षर दुसऱ्याचे, आणि जमीन मात्र आपली जायची. लोकांचा राग होता तो याचा.

आता कागद जाळायचे दिवस गेले. आता कागद वाचायचे दिवस आहेत.

आमच्या रात्रीच्या वर्गातली एक खरी हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. वर्गाला एक मावशी येत. वय पन्नाशीच्या पुढे. मालक पुष्कळ वर्षांपूर्वी वारले. दोन मुले. सासऱ्यांच्या नावावर जमीन होती. ती मावशी आणि त्यांचे दीर मिळून कसत. मग सासरेही वारले.

एके दिवशी मावशी दळण घेऊन चावडीवरून चालल्या होत्या. फळ्यावर एक कागद चिकटवला होता. आधी त्या अशा कागदापुढून हजार वेळा गेल्या असतील. त्या दिवशी थांबल्या. दळणाचा डबा खाली ठेवला. बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. रात्री वर्गात आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या.

“गुरुजी, मले ‘वारस’ हा शब्द वाचता आला. सासऱ्याचं नाव वाचलं. दिराचं नाव वाचलं. पण माह्या घरधन्याचं नाव कुठंच नाही. माह्या पोराईचं बी नाही.”

आम्ही सकाळी त्यांच्याबरोबर चावडीवर गेलो. मावशींनी बरोबर वाचले होते. ती फेरफाराची नोटीस होती. वारस म्हणून एकट्या दिराचे नाव लागणार होते. मुलगा बापाआधी वारला तरी त्याची विधवा आणि मुले यांचा वाटा बुडत नाही. हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलेले आहे. नोटिशीवर हरकत घ्यायला 15 दिवसांची मुदत असते. त्यांतले नऊ दिवस उलटले होते.

मावशींनी त्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला. खाली सही केली. अंगठा नव्हे, सही. मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. मावशींचे आणि दोन्ही मुलांचे नाव सातबाऱ्यावर लागले.

दीर म्हणाले, “वहिनी, माह्या मनात काही नव्हतं. अर्ज लिहिणाऱ्यानं जसं लिहिलं तशी मी सही केली.” खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक. मावशींनी वाद वाढवला नाही. आजही वांग्याचे भरीत केले की एक वाटी दिराच्या घरी जाते. पण तेव्हापासून चावडीच्या फळ्यापुढे थांबल्याशिवाय मावशी कधी पुढे जात नाहीत.

यावरून आपण काय शिकायचे?

वर्षातून एकदा तरी आपला सातबारा काढून वाचा. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची ते असते. नमुना 12 मध्ये पीक कोणते ते असते. दोन्ही मिळून सातबारा. तुमच्या खात्यावर एकूण जमीन किती ते 8-अ सांगतो. आता सातबारा संगणकावर निघतो. डिजिटल सहीच्या एका उताऱ्याला 15 रुपये फी आहे. नाव, गट नंबर, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट पाहा. कर्जाचा बोजा तिथेच लिहिलेला असतो. कर्ज फेडले असेल तर बोजा उतरला का, तेही पाहा.

जमीन घेतली किंवा वारसाने मिळाली तर 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. तलाठ्याला आता सरकारदरबारी ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कळवल्याची पोच मागून घ्या. बांधाचा वाद असेल तर कुऱ्हाड काढू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. हद्दीचा दगड हलवू नका. दुसऱ्यालाही हलवू देऊ नका.

घराचेही तसेच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव असते, ते घरपट्टीसाठी. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. 2020 सालापासून सरकारची ‘स्वामित्व’ योजना चालू आहे. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करतात आणि घराची मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावची मोजणी झाली का, विचारा. पत्रिका मिळाली तर तिच्यावरचे नाव वाचून पाहा.

मुलींविषयीही सांगायला हवे. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. चार दिवस घर भरून जाते. पण लेक म्हणजे केवळ पाहुणी नव्हे. महाराष्ट्राने 1994 साली आणि साऱ्या देशाने 2005 साली कायदा केला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर ती तिची मर्जी. पण साडीचोळी देऊन, न वाचू देता, हक्कसोडपत्रावर सही घेणे ही भाऊबीज नव्हे.

कोऱ्या कागदावर सही करू नका. कोऱ्या स्टॅम्पवर तर कधीच नको. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याने दाद मागता येते. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज द्या.

चोरी झाली तर पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून द्या. लिहिलेली फिर्याद वाचून पाहा, मग सही करा. तिची प्रत मागा. ती फुकट मिळते. मोटारीची पावती आणि तिच्यावरचा नंबर घरी एका वहीत उतरवून ठेवा. गुराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर 12 आकडे असतात. तेही वहीत लिहा. हरवलेला बैल ओळखायला हे आकडे कामी येतात.

बंधूंनो आणि भगिनींनो, माळ्यावर बसलेला राखणदार काय करतो? जागा राहतो आणि पाहतो. अक्षर म्हणजे तसाच एक माळा आहे. त्यावर चढले की आपले शेत, आपले घर आणि आपले गाव दूरवर दिसते. तुम्ही त्या माळ्यावर आता चढला आहात. खाली उतरू नका.

विचार करा आणि लिहा

1. आपल्या गावात रात्रीची गस्त आहे का? नसेल तर पाळी कशी लावाल?
2. मोबाईलवर भीतीचा निरोप आला तर कोणते चार प्रश्न विचाराल?
3. कापसाला आग लागली तर काय काय कराल?
4. आपल्या सातबाऱ्यावरची सर्व नावे वहीत उतरवा. एखादे नाव राहिले आहे का?
5. उद्या चावडीवरून जाताना फळ्यावरचा एक कागद वाचा. काय वाचले ते वर्गात सांगा.

शब्दांचे अर्थ

फेरफार – जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद.
हरकत – ‘हे मला मान्य नाही’ असे लेखी सांगणे.
बोजा – जमिनीवर असलेल्या कर्जाची नोंद.
पंचनामा – घडलेल्या गोष्टीचे पंचांसमक्ष लिहिलेले वर्णन.
पोच – अर्ज मिळाल्याची लेखी खूण.